व्हिंटेज गाडीची लांब रॅली : पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

आजोबांची एक वही होती. डाव्या पानावर तारीख, किलोमीटर आणि किती लिटर पेट्रोल भरलं. उजव्या पानावर गाडीने त्या दिवशी काय नखरे केले. "चढाला तिसऱ्यात ठोके. दुसऱ्यात टाकली, गेले." "फॅन बेल्ट सैल, वाटेत ओढून घेतला." शेजारच्या सीटवर मांडीवर नकाशा घेऊन आत्या बसायची. त्या दोघांच्या लांबच्या प्रवासांचे किस्से ऐकत मी आणि माझ्या दोन मैत्रिणी मोठ्या झालो, आणि एके दिवशी तीच गाडी घेऊन रॅलीत नाव घालून मोकळ्या झालो. तेव्हा बॉनेट उघडलं तर प्लग कुठे असतो, याच्यापुढे तिघींचंही ज्ञान जात नव्हतं.

रॅली पुरी झाली. शेवटून सहाव्या आलो. वाटेत ज्या चुका केल्या त्यांचा उपयोग निदान दुसऱ्या कुणाला तरी व्हावा, म्हणून हे टिपण.

आधी एक गैरसमज काढून टाका

जुन्या गाड्यांच्या बहुतेक लांब रॅलींमध्ये जो सगळ्यात आधी पोचतो तो जिंकत नाही. जो ठरलेल्या वेळेला पोचतो तो जिंकतो. आयोजक प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग नेमून देतात, तो कायदेशीर मर्यादेच्या आतलाच असतो, आणि मध्येच कुठेतरी गुपचूप वेळ मोजली जाते. एक सेकंद उशीर, एक गुण दंड. एक सेकंद लवकर, तरी दंड. याला रेग्युलॅरिटी म्हणतात. म्हणजे ही परीक्षा घड्याळाची, कानांची आणि शेजारी बसलेल्या माणसाशी पटवून घेण्याची आहे. गाडी किती पळते, हा प्रश्न फारसा येतच नाही.

"आपल्याला काही येत नाही, आपण कसं जायचं?" असं वाटत असेल तर ॲलिस रॅम्सी आठवा. १९०९ साली, वयाच्या २२व्या वर्षी, ती न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला मॅक्सवेल गाडी घेऊन निघाली. बरोबर दोन नणंदा आणि एक मैत्रीण, आणि त्या तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. ५९ दिवसांत सुमारे ६,१०० किलोमीटर झाले, अकरा वेळा टायर बदलावे लागले. मात्र ॲलिसला स्वतःला गाडी उघडून दुरुस्त करता येत होती. तेवढी अट तुम्हालाही लागू आहे.

पहिली पायरी : घरच्या मोठ्यांना बोलतं करा

घरात कुणी जुनी गाडी चालवलेली असेल तर त्यांच्याजवळ बसा. "प्रवास कसा व्हायचा?" असं विचारू नका, त्यावर डोंगर आणि सूर्यास्त ऐकायला मिळतात. "गाडी कुठे बंद पडली, आणि मग काय केलंत?" असं विचारा. या एका प्रश्नावर आत्या दोन तास बोलली आणि आमची सुट्या भागांची निम्मी यादी तयार झाली.

त्यांना गाडीत बसवून फिरवून आणा. आजोबा शेजारी बसले, डोळे मिटले, आणि पाचव्या मिनिटाला म्हणाले, "टॅपेट वाजतायत, एक जास्तच." आम्हाला तो आवाज कधी आलाच नव्हता, कारण तो वेगळा आहे हेच माहीत नव्हतं. जुन्या गाडीत इशारा देणारे दिवे मोजून दोन-तीन. बाकी सगळा इशारा आवाज, वास आणि स्टिअरिंगची थरथर यांतूनच मिळतो, आणि तो ओळखायला शिकवणारं माणूस घरात असेल तर त्यासारखी शिकवणी नाही.

रॅली निवडताना

पहिल्याच फटक्यात खंड ओलांडायला निघू नका. १९०७च्या पेकिंग ते पॅरिस शर्यतीत पाच गाड्या निघाल्या. त्यांतली तीन चाकांची काँताल गोबीच्या वाळवंटात सोडून द्यावी लागली. जिंकणारा प्रिन्स बोर्गेझे १० जूनला निघून १० ऑगस्टला पोचला, पण त्याने पेट्रोलचे साठे उंटांवरून आधीच वाटेवर पाठवून ठेवले होते. तयारीचा हा पल्ला आपल्या आवाक्यात आहे का, हे प्रामाणिकपणे बघा. तीन ते पाच दिवसांची, रोज दोन-अडीचशे किलोमीटरची, डांबरी रस्त्यांची रॅली पहिल्या खेपेला पुष्कळ झाली.

तुमची गाडी कोणत्या गटात बसते ते तपासा. 'व्हिंटेज' हा शब्द आपण सरसकट वापरतो. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा, १९६६ साली स्थापन झालेली, तिच्या वर्गवारीत १९१९ ते १९३० मधल्या गाड्या तेवढ्या व्हिंटेज. १९०५ ते १९१८ मधल्या व्हेटरन, १९३१ ते १९४५ पोस्ट-व्हिंटेज. ऐतिहासिक ठरायला गाडी किमान ३० वर्षांची आणि मूळ रूपाशी इमान राखणारी हवी. काही आयोजक याहून कडक असतात: लंडन ते ब्रायटन दौडीला १९०५ च्या आधीच्याच गाड्या चालतात, तर इटलीतल्या आजच्या मिले मिलिया रॅलीत १९२७ ते १९५७ या काळातल्या मूळ शर्यतीत उतरलेली मॉडेलंच घेतात.

नियमपुस्तिका मिळाली की ती तिघांनी वेगवेगळी वाचा. आम्ही "तू वाच आणि सांग" केलं. वेळेआधी ताबानाक्यावर (जिथे पोचल्याची वेळ नोंदतात) पोचलं तर काय, हे ज्या पानावर लिहिलं होतं ते पान नेमकं कुणीच वाचलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दोन मिनिटं लवकर पोचल्याच्या आनंदात सरळ आत गेलो आणि दंड खाऊन बाहेर आलो. बहुतेक ठिकाणी नाक्याच्या अलीकडे पिवळी पाटी असते आणि प्रत्यक्ष नाक्यावर लाल. वेळ व्हायची असेल तर पिवळ्या पाटीच्या अलीकडेच थांबायचं. ती ओलांडली की मध्ये रेंगाळायची सोय नाही.

गाडी : रॅली इथेच पुरी होते किंवा फसते

किमान सहा महिने हातात ठेवा. रंग, क्रोम, सीटची कव्हरं यांच्याकडे शेवटी बघा. क्रम असा: थांबणं, वळणं, थंड राहणं, आणि मग धावणं.

थांबणं म्हणजे ब्रेक. जुन्या गाडीला चारही चाकांना ड्रम असतात आणि लांब उतारावर ते तापले की पकड सोडतात. पाय खाली जातो आणि गाडी मात्र पुढे जातच राहते. लायनर, सिलिंडरची रबरं, होज सगळं नवं घाला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे दर दोन वर्षांनी ते बदलायचंच. आणि आजोबांचा नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

टायरची नक्षी पाहून फसू नका. बाजूला कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात, कडक पडतात, कडेला बारीक चिरा जातात. तारेची चाकं असतील तर प्रत्येक आरा पान्याने हलकेच वाजवून बघा. सैल आऱ्याचा आवाज बद्द येतो.

थंड राहणं. रेडिएटर काढून नीट साफ करून घ्या, वर्षानुवर्षांचा गाळ निघतो. उंचावर पाणी लवकर उकळतं, ३,००० मीटरवर ९० अंशांच्या आसपासच, आणि ज्या जुन्या रेडिएटरला दाबाचं झाकण नसतं त्यांची तिथे पंचाईत होते. पाण्याचे कॅन भरून न्या. ॲलिस रॅम्सीच्या गाडीतल्या बायकांनी दात घासायच्या सामानाच्या काचेच्या डब्यांतून खड्ड्यातलं पाणी आणून रेडिएटर भरला होता. त्यापेक्षा कॅन बरा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका, कितीही घाई असो.

त्याच उंचीवर हवा सुमारे चतुर्थांशाने विरळ असते. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल जवळजवळ तेवढंच सोडतो, गाडी काळा धूर टाकते आणि उचल खात नाही. घाबरू नका, इंजिन बिघडलेलं नसतं. कार्बोरेटरचं लहान जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) बरोबर ठेवा किंवा दम धरा.

पेट्रोलचंही बघायला हवं. शिसं असलेलं पेट्रोल २०२१ मध्ये जगात सगळीकडे बंद झालं. ते शिसं जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवायचं. लांब पल्ल्याला निघण्याआधी कडक धातूच्या बैठका बसवून घेता आल्या तर उत्तम, नाहीतर टाकीत घालायचं द्रव्य मिळतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात आणि गळतात. ते सगळे आजच्या इंधनाला टिकणारे घाला. आगीचा धोका इथून सुरू होतो, तेव्हा यात काटकसर नको, आणि आग विझवायचा सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताला येईल असा बसवा.

आणखी एक गंमत : रणरणत्या उन्हात, चढावर, इंजिन नुसतंच फुरफुरून बंद पडतं आणि अर्ध्या तासाने काही न करता सुरू होतं. पाइपमध्ये पेट्रोलची वाफ अडकते, त्याला व्हेपर लॉक म्हणतात. फ्यूएल पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं गुंडाळायचं आणि सावलीत बसायचं. आमचं फडकं चार दिवस तिथेच बांधलेलं होतं.

सुट्या भागांबद्दल मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला हा : नवा भाग डब्यात ठेवू नका. तो गाडीत बसवा, दोनशे किलोमीटर चालवा, आणि जो जुना पण चालू भाग निघाला तो डब्यात ठेवा. विशेषतः ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सर. नवाकोरा कंडेन्सर खोक्यातूनच मेलेला निघू शकतो आणि ते समजायची जागा म्हणजे भर घाट नव्हे. शिवाय बसवण्याचा सराव होतो, कोणता पाना लागतो ते कळतं. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटरची टोपी, प्लग, कॉइल, फॅन बेल्ट, होज, फ्यूएल पंपाचा डायफ्रॅम, फ्यूज, चाकाचं एक बेअरिंग, दोन ट्यूब. फट मोजायचं फीलर गेज विसरू नका. पॉइंटमधली फट बहुतेक गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकातून बघून झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

कागदपत्रं

कंटाळवाणं, पण लवकर उरका. गाडी देशाबाहेर जाणार असेल तर अनेक ठिकाणी कार्ने द पासाज लागतं. गाडी तात्पुरती आणली आहे, विकणार नाही, याची ती हमी. प्रत्येक सीमेवर आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही शिक्के स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलू नका. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर गाडी तिथेच आहे असं धरून जकात मागितली जाते. आंतरराष्ट्रीय परवाना गाडी चालवणाऱ्या प्रत्येकीचा हवा. नेहमीच्या विम्यात रॅली बहुतेकदा वगळलेली असते, तेव्हा लेखी विचारा, आणि गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला विमा घ्या.

खर्चाचा हिशेबही मित्रमैत्रिणींनी निघण्याआधी कागदावर मांडावा. विशेषतः हे : इंजिन बसलं तर खर्च गाडीच्या मालकाचा की सगळ्यांचा? हा प्रश्न गाडी चालू असताना विचारायला सोपा जातो.

शेजारची सीट

शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्या नॅव्हिगेटरचं काम दुय्यम समजलं जातं. रॅली नॅव्हिगेटरच्या डोक्यावर चालते. १९५५ च्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस या शर्यतपटूने सुमारे १,६०० किलोमीटर १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापले, त्यामागे शेजारी बसलेला डेनिस जेन्किन्सन होता. त्याने आधी जाऊन सगळा रस्ता टिपला होता, सुमारे ५ मीटरची कागदाची गुंडाळी एका डब्यात बसवली होती, आणि उघड्या गाडीच्या गोंगाटात बोलणं ऐकू येणार नाही म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या होत्या.

तुम्हाला मिळेल ते रोडबुक. त्यात एकूण अंतर, मागच्या वळणापासूनचं अंतर, आणि ट्यूलिपची आकृती असते : खालचा ठिपका म्हणजे तुम्ही, बाणाचं टोक म्हणजे जायची दिशा. ही पद्धत नेदरलँड्सच्या ट्यूलिप रॅलीतून आली, म्हणून हे नाव. अंतरावर विश्वास ठेवा, खुणेवर कमी. रॅम्सीच्या मार्गदर्शक पुस्तकात पिवळ्या घरापाशी वळा असं लिहिलं होतं. घरमालकाला मोटारींचा राग, त्याने घर हिरवं रंगवून टाकलं होतं!

आता आकडे. भागिले एवढंच गणित येऊ द्या. ३,६०० ला नेमून दिलेल्या वेगाने भागा, की एका किलोमीटरला किती सेकंद लागायला हवेत ते मिळतं. ताशी ४५ ला ८० सेकंद, ४० ला ९०, ५० ला ७२. वेग ४५ आणि तुम्ही ७.४ किलोमीटरवर आहात, तर घड्याळात ५९२ सेकंद, म्हणजे ९ मिनिटं ५२ सेकंद दिसायला हवेत. जास्त दिसले तर उशीर झालाय. असे तक्ते घरूनच मोठ्या अक्षरांत लिहून न्या; हलत्या गाडीत मोबाइलवर गणित करून मला दहा मिनिटांत मळमळायला लागलं होतं, आणि काही रॅलींत मोबाइल चालतही नाही.

पण हे सगळं अंतर अचूक मोजलं जात असेल तरच. आयोजक सुरुवातीला मोजून ठेवलेला एक पट्टा देतात. त्यांचे १० किलोमीटर तुमच्या मीटरवर १०.२ दिसत असतील तर चूक दोन टक्क्यांची. ५० किलोमीटरवर ती एक किलोमीटर होते आणि ४५ च्या वेगाने तिचे ८० सेकंद. टायर बदललात, हवा कमीजास्त केलीत, की पुन्हा मोजा.

बोलण्याची भाषा ठरवून घ्या. आत्याचा नियम होता : "इकडे", "तिकडे", "इथे वळ" हे शब्द बंद. आधी अंतर, मग दिशा, मग खूण. "तीनशे मीटर. डावं. पुलानंतर." चालवणारीने "डावं" एवढंच परत म्हणायचं. तिसऱ्या दिवशी आम्ही चुकीच्या वळणावरून भांडलो आणि त्या भांडणात पुढची दोन वळणं चुकली. त्यानंतर ठरलं, की चूक कुणाची याची चर्चा गाडी उभी असतानाच करायची. संध्याकाळपर्यंत बहुतेक वेळा मुद्दाच आठवत नसे.

सराव

आधी ५० किलोमीटर, घराजवळच. मग २००. मग सलग तीन दिवस, सगळं सामान भरून, सगळी माणसं बसवून. हा तिसरा सराव टाळू नका. रिकाम्या गाडीचे पाटे (स्प्रिंग) आणि भरलेल्या गाडीचे पाटे वेगळे वागतात, मागच्या चाकावर मडगार्ड घासतं हे आम्हाला तेव्हाच कळलं. डबल क्लच करायला शिका : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका टोला, पुन्हा क्लच आणि खालचा गिअर. जमलं की गिअर लोण्यासारखा पडतो, चुकलं की सगळ्या रस्त्याला ऐकू जातं. रात्री एकदा, अंधारात, टॉर्च तोंडात धरून चाक बदलून बघा. तिघींनीही.

रस्त्यावरचा दिवस

सकाळी अर्धा तास आधी उठा. ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, बेल्ट, टायरची हवा. ग्रीस निपलांना पंप, पुस्तकात सांगितलेल्या अंतरावर. काही जुन्या गाड्यांना ते दर दीड हजार किलोमीटरच्या आतच मागतात. गाडीखाली वाकून रात्री काय टपकलं ते बघा. थोडं ऑइल टपकणं हा जुन्या गाडीचा स्वभाव आहे; कालच्यापेक्षा जास्त टपकलं असेल तर मात्र शोध घ्या.

आणि आता आजोबांची सवय, जी मी कुणालाही आधी सांगते. गाडी थांबली की चारही चाकांभोवती एक फेरी. हाताची मागची बाजू हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याजवळ, न्यायची, चटका बसणार नाही असं वाटलं तरच टेकवायची. चारही सारखेच कोमट असतील तर चला पुढे. एकच गरम असेल तर तिथे ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा मागचा डावा हब इतरांपेक्षा बराच गरम लागला. आवाज नाही, वास नाही, गाडी झकास पळत होती. जॅक लावून चाक फिरवलं तर फिरेना. हँडब्रेकची तार गंजून अडकली होती. तेल सोडून ती मोकळी केली, वीस मिनिटं गेली. तसंच पुढे गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत लायनर जळाले असते.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर मधला एखादा नाका सोडून द्या, दंड घ्या, आणि मुक्कामाला पोचा. जास्तीत जास्त उशिराची मर्यादा ओलांडली की त्या दिवसाचे गुण जातात, पण अंधारात थकून गाडी हाणण्यापेक्षा ते परवडतं. मागून येणाऱ्या मदतगाडीला हात दाखवायला लाजू नका. आणि दुसऱ्याची गाडी उभी दिसली तर थांबून विचारा; आम्हाला दुसऱ्या गाडीवाल्यांनी दिलेली एक होज क्लिप अजून आमच्या इंजिनावर आहे.

परत आल्यावर

इंजिन गरम आहे तोवरच ऑइल बदला, चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा, ब्रेक ड्रम उघडून धूळ काढा. मग आठवड्याच्या आत डब्यातलं सगळं सामान जमिनीवर मांडा आणि दोन ढीग करा, वापरलेलं आणि न उघडलेलं. आमचा वापरलेला ढीग एवढासाच निघाला : बेल्ट, एक ट्यूब, फ्यूज, बांधायची तार, चिकटपट्टी आणि ते ओलं फडकं. दोन्ही याद्या मी आजोबांच्या वहीत लिहिल्या, त्यांच्यासारख्याच, उजव्या पानावर. पुढच्या खेपेला मोठा जॅक घरी राहील आणि तार दुप्पट येईल.